दोन गळतेश्वर

'प्राचीन' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. गावातले कोणतेही देऊळ घ्या. पुजाऱ्याला विचारले, तर ते पांडवांच्या वेळचे असते. पाटीवर पाहिले, तर 'अतिप्राचीन' असते. आणि आपण हात जोडून उभे राहतो तेव्हा पायाखाली परवाच बसविलेली गुळगुळीत फरशी असते. यात कोणी खोटे बोलते असे मला म्हणावयाचे नाही. परंतु देव जुना, जागा जुनी आणि वास्तू जुनी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच शब्दात गुंडाळल्यामुळे आपल्या हातून काय निसटते, याचा विचार आपण क्वचितच करतो. मीही केला नव्हता. तो करण्याची वेळ माझ्यावर घरच्याच एका प्रकरणाने आणली, आणि त्याचे उत्तर शोधायला मला सुरतेपर्यंत जावे लागले.

प्रकरण असे. आमच्या वाड्यात रामाचे एक लहानसे देऊळ आहे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांना हे नवे नाही. सरदार, दरकदार, शिलेदार, सावकार यांच्या वाड्यांतून अशी देवळे पुष्कळ होती आणि काही अजून आहेत. आमच्या देवळाचा सभामंडप सागवानी आहे. सुरूदार खांब, त्यांच्यामध्ये महिरपी, वर कडीपाट. गेल्या काही पावसाळ्यांत छप्पर गळू लागले, दोन खांबांना वाळवी लागली. भाऊबंदांची बैठक झाली. मंडप उतरवून तेथे सिमेंटचा स्लॅब आणि संगमरवरी फरशी करावी, असे ठरले. कागद फिरला. मीही सही केली. खरे सांगायचे, तर वाचण्याचीही तसदी घेतली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या आत्याबाईंना घेऊन सुरतेस जाण्याचा योग आला. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस. सुरतेत तो थाटाने होतो. नदीला लांबच लांब चुनरी अर्पण करतात, आरत्या होतात. तापी ही सूर्याची कन्या. महाभारताच्या आदिपर्वात तिची, तपतीची, आणि संवरण राजाची कथा आहे. त्यांचा पुत्र तो कुरु, ज्याच्या नावाने कौरवांचे कूळ ओळखले जाते. सुरतेलाही लोक सूर्यपूर म्हणतात ते याच नात्याने. सुरतेच्या मराठी मंडळींकडे उतरलो. तेथे एका गुजराती शेजाऱ्यांनी हसत हसत विचारलेच, "तुम्ही बडोद्याचे मराठे सुरतेला आलात, म्हणजे तिजोरीला कुलूप लावायला हवे!" १६६४ आणि १६७० ही साले सुरतकर विसरलेले नाहीत, पण आता ती थट्टेत आली आहेत, हे दोन्ही बाजूंना शोभणारेच आहे.

आत्याबाईंना दर्शन हवे होते ते गळतेश्वराचे. हे गळतेश्वर सुरतेहून कामरेजच्या बाजूस, टिंबा गावी, तापीच्या काठी आहे. नावाची फोड मराठी माणसाला करून सांगायला नको. पिंडीवर टांगलेल्या, थेंब थेंब पाणी गळणाऱ्या पात्राला आपल्याकडे गळती म्हणतात. ज्याच्यावर पाणी अखंड गळते तो गळतेश्वर. गुजराती आणि मराठी या ठिकाणी इतक्या जवळ आहेत, की नाव कोणाचे हा प्रश्नच उरत नाही.

स्थान रम्य आहे. आषाढातली तापी गढूळ आणि भरलेली, काठावर गर्दी, नारळ, बेल, फुले. अलीकडच्या काळात उभारलेली शंकराची प्रचंड मूर्ती लांबूनच दिसते. आज डोळ्यांना जे बांधकाम दिसते ते आपल्या काळातले आहे. मी खांब शोधत होतो, कोरीव उंबरठा शोधत होतो, एखादा झिजलेला कीर्तिमुखाचा चेहरा शोधत होतो. तसे काही नजरेस पडेना. आत्याबाई मात्र डोळे मिटून तृप्त उभ्या होत्या. मी थोडासा चिडूनच म्हणालो, "आत्या, यात जुने असे काय आहे?" त्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिले, "नदी."

बाहेर पायरीवर एक बाई तांब्यात तापीचे पाणी भरून घेऊन बसल्या होत्या. आमचे मराठी ऐकून त्यांनी चौकशी केली. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. यंत्रमागांवर आणि कारखान्यांत त्यांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या आहेत. या बाईंचे घर त्यांतलेच. त्या म्हणाल्या, आमच्याकडे प्रकाशाला हीच नदी, चांगदेवाला हीच नदी; माहेरचे पाणी इथवर येते म्हणून सप्तमीला येते. मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि अहिराणीत म्हणाल्या, "देव ते जुनाच शे ना, भाऊ."

दोन बायकांनी दोन वाक्यांत मला निरुत्तर केले. तरीही मनाचे समाधान होईना. कारण वाड्यातल्या मंडपाचा कागद मला आठवत होता. देवच जुना आणि नदीच जुनी असेल, तर मंडप पाडला तरी काय बिघडले? माझी सही बरोबरच होती की काय?

म्हणून सुरतेत आणखी दोन दिवस राहिलो आणि एक साधा प्रश्न घेऊन फिरलो : एवढ्या जुन्या शहरात जुने दगडी देऊळ सहज का सापडत नाही?

उत्तर शहराच्या मातीतच आहे. सुरत तापीच्या गाळावर वसलेली. पायाखाली खडक नाही, कोरायला जवळपास दगड नाही. होते काय, तर भाजलेली वीट, आणि सोनगड, व्यारा, डांग या बाजूंच्या जंगलांतले उत्तम सागवान. म्हणून सुरतेची घरे, हवेल्या आणि देवळे लाकूड-विटांची झाली. दगड पडला तरी त्याचे तुकडे उरतात. लाकूड गेले की राख उरते, नाहीतर गाळ. आणि या शहराने दोन्ही पुष्कळ पाहिले. पोर्तुगीजांनी १५१२, १५३० आणि १५३१ असे तीनदा ते जाळले. तेव्हा कोठे १५४० च्या दशकात खुदावंदखानाने तापीकाठी भक्कम किल्ला बांधला. पुढे १८३७ च्या एप्रिलात अशी आग लागली, की नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात तापीने शहर बुडविले. आपल्या आठवणीतला पूर ऑगस्ट २००६ चा. उकाईचे धरण वर असूनही तेव्हा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा गावात देऊळ पुन्हा पुन्हा बांधावे लागले, यात नवल ते काय? सुरतेचा भाविक देऊळ टिकवू शकला नाही. त्याने जागा टिकविली. कतारगामच्या कांतारेश्वराचे नावच पाहा. कांतार म्हणजे अरण्य. आज त्याच्याभोवती हिऱ्यांचे कारखाने आणि घरांची दाटी आहे. अरण्याची एक फांदीही उरलेली नाही. पण नावात अरण्य शाबूत आहे. लोक त्या स्थानाचा संबंध कपिलमुनींशी जोडतात. ती परंपरा आहे, इतिहास नव्हे. परंतु परंपरेने एका नाहीशा झालेल्या रानाची आठवण राखली, हा तिचा उपकार लहान नाही.

मात्र एवढ्यावर थांबून चालणार नाही. कारण आपले पूर्वज केवळ आठवणीवर विसंबणारे नव्हते. मही ते दमणगंगा असा हा जो प्रदेश, त्याला लाट देश म्हणत. त्यातल्या राजांची ताम्रपट देण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. सुरतेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्षाचा, शके ७४३ म्हणजे इ. स. ८२१ चा. त्यात नागसारिका, म्हणजे आपली नवसारी, येथील जैन विहाराला जमीन दिल्याचा लेख आहे. दुसरा लाटेच्या चालुक्य त्रिलोचनपालाचा, शके ९७२ चा. पश्चिम समुद्राच्या काठी अगस्त्यतीर्थावर स्नान करून राजाने एका ब्राह्मणाला एरथाण गाव दिले, अशी नोंद त्यात आहे. ते एरथाण आजही ओलपाड तालुक्यात आहे. राजा गेला, राज्य गेले, तीर्थाचा घाट गेला. पण कोणी, कोठे, केव्हा, काय दिले, हे हजार वर्षांनंतर आपण वाचू शकतो.

आता याची आपल्या आजच्या रीतीशी तुलना करा. सुरतेतल्या एका देवळात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही कारण तशी देवळे प्रत्येक शहरात आहेत, मी भिंतभर संगमरवरी पाट्या पाहिल्या. फरशी कोणी दिली, पंखा कोणी दिला, पाण्याची टाकी कोणी दिली, सारे कोरलेले होते. पण जुने देऊळ कोणत्या साली उतरविले, ते कसे होते, त्याचे खांब कोठे गेले, याबद्दल एक अक्षर नाही. वर मात्र तैलरंगात 'अतिप्राचीन'. ज्यांनी तांब्यावर तिथी, वार, गावाची शीव लिहून ठेवली, त्यांचे आपण वंशज. आणि आपण काय लिहितो, तर 'अतिप्राचीन'! हा शब्द पुष्कळदा आपले अज्ञान झाकण्याचे काम करतो.

तिसरी गोष्ट सुरतेनेच मला दाखविली, आणि ती माझ्या वर्मावर बसली. शहापूर भागात चिंतामणि पार्श्वनाथाचे जैन देरासर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीचे. बाहेरून पाहिले तर साधे घर वाटावे. आत पाऊल टाकले की लाकडाचे एक वेगळेच जग उघडते : कोरलेले खांब, त्यांवरच्या कोरीव टेकण्या, रंगविलेल्या फळ्या, चित्रे. आग, पूर, वाळवी, दमट हवा या सर्वांना पुरून ते उभे आहे, आणि आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. म्हणजे सुरतेत लाकूड टिकतच नाही, हेही खरे नाही. ज्यांनी त्याची निगा राखली, त्यांच्या हाती ते टिकले. मी त्या खांबाजवळ उभा राहिलो आणि मला आमच्या मंडपाचे सुरूदार खांब दिसू लागले. आमच्या दोन खांबांना वाळवी लागली होती, आणि आम्ही बाकीच्या चौदा खांबांना फाशी सुनावून मोकळे झालो होतो.

सुरतेहून परतलो तो एकादशी आलीच. आषाढीला आत्याबाई पंढरीला जात असत; आता वयोमानाने डाकोरला जातात. डाकोरच्या रणछोडरायाचे सध्याचे देऊळ गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या पेशव्यांच्या सराफाने १७७२ मध्ये बांधले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते, आणि ते सांगताना आपली मान थोडी ताठ होते. डाकोरपासून जवळच महीच्या काठी सरनाल गाव आहे; तेथे गळती नावाची लहान नदी महीला मिळते. आणि त्या संगमावर आहे दुसरे गळतेश्वर.

चार दिवसांपूर्वी टिंब्याला जे शोधत होतो, ते सारे येथे होते. अभ्यासक हे देऊळ साधारण बाराव्या शतकातले मानतात. गर्भगृह चौकोनी, सभामंडप अष्टकोनी. भिंतींवर गंधर्व, साधू, घोडेस्वार, हत्तीवरचे स्वार, रथ, पालख्या, आणि माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचे प्रसंग. मूळ शिखर शाबूत नाही. पण जे उरले आहे त्यावरून जाणकार सांगतात, की ही घडण गुजरातेत नेहमी आढळणारी नव्हे. ती भूमिज पद्धतीची आहे.

भूमिज म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. या पद्धतीच्या शिखराला चारी बाजूंनी तळापासून माथ्यापर्यंत चढत जाणाऱ्या चार उभ्या पट्ट्या असतात. आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात, वर जाता जाता लहान होत गेलेल्या. एखाद्या जपमाळेचे मणी उभे ओवावेत तसे ते दिसते. गुजरातच्या सोळंकी देवळांवर मुख्य शिखराला बिलगून अंगशिखरांचा झुबका असतो; तो प्रकार निराळा. भूमिज पद्धत माळव्याची. तिचा थोर नमुना म्हणजे परमार उदयादित्याचे उदयपूर येथील उदयेश्वर. आणि आपल्या ओळखीचे नमुने म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्यावर शके ९८२, इ. स. १०६० चा शिलालेख आहे, आणि सिन्नरचे गोंदेश्वर. आपण अशा प्रत्येक देवळाला 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला. अंबरनाथ त्याच्या आधी दोनशे वर्षे उभे होते. हाही 'अतिप्राचीन' सारखाच एक आळशी शब्द.

महीच्या काठी उभे राहून मला वाटले, हे देऊळ म्हणजे लाट देशाच्या शिवेवरचा एक दगडी साक्षीदार आहे. माळव्यातले घडण्याचे ज्ञान एका वाटेने कोकणात आणि गोदावरीच्या खोऱ्यात गेले, दुसऱ्या वाटेने महीवर आले. त्या काळच्या कारागिराला १ मे १९६० ची सीमा ठाऊक नव्हती. आपण बडोद्याची मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या दोन्हीकडे पाय ठेवून आहोत. कधी कधी आपणच विचारतो, आपण इकडचे की तिकडचे? सरनालचे हे देऊळ अंबरनाथचे भावंड असून महीकाठी सुखाने राहिले आहे. त्याने हा प्रश्न विचारल्याचे दिसत नाही.

आणखी एक योगायोग. १५७२ च्या डिसेंबरात याच सरनालला अकबराची इब्राहिम हुसेन मिर्झाशी लढाई झाली. थोड्या स्वारांनिशी तो नदी ओलांडून तुटून पडला. तेथून पुढे तो सुरतेवर गेला आणि १५७३ च्या फेब्रुवारीत तेथला किल्ला त्याने घेतला. म्हणजे मी सुरतेहून सरनालला आलो, तो बरोबर उलट्या वाटेने. सरनालला लढाई झाली तेव्हा हे देऊळ तेथे होते. सुरतेचा तो किल्लाही आहे, आणि तो जीर्ण होऊन पडण्याच्या बेतात असता सुरत महानगरपालिकेने अलीकडेच मोठ्या कष्टाने दुरुस्त करून तेथे संग्रहालय केले आहे. व्यापारी शहराला जुन्याची किंमत नसते असे म्हणणाऱ्यांनी तो पाहून यावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन गळतेश्वरांपैकी प्राचीन कोणते? माझे उत्तर असे, की दोन्ही. पण निरनिराळ्या अर्थाने, आणि तो अर्थ उघडपणे सांगितला पाहिजे. टिंब्याला नदी जुनी आहे, श्रद्धा जुनी आहे, धुळ्याहून वाहत आलेले माहेरचे पाणी जुने आहे. सरनालला दगड जुना आहे. एकाचे महत्त्व दुसऱ्याला लावता येत नाही. टिंब्याच्या भाविकाला "तुझे देऊळ नवे" म्हणून हिणविणे हा पंडिती उर्मटपणा होईल. उलट, सरनालच्या दगडावर "देव जुना, मग भिंत नवी का नको" म्हणून रंगाचा हात फिरविणे हा अक्षम्य करंटेपणा होईल. एकदा गेलेली वास्तू श्रद्धेने परत आणता येत नाही.

म्हणून जीर्णोद्धाराच्या बाबतीत तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जेथे जुना दगड आहे तेथे हात लावण्यापूर्वी जाणकाराला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर थांबावे. जेथे लाकूड आहे तेथे जो खांब खराब तोच बदलावा. एका खांबासाठी मंडप बळी देऊ नये. आणि जेथे सारे आधीच गेले आहे, किंवा नाइलाजाने उतरवावे लागते, तेथे निदान खरे लिहावे : जुने देऊळ असे असे होते, अमुक साली उतरविले, अमुक साली नवे बांधले. सोबत जुनी छायाचित्रे लावावीत. अशा पाटीला फारसा पैसा लागत नाही. थोडे धैर्य लागते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. परत आल्यावर मी भाऊबंदांना पत्र लिहून माझी सही मागे घेतली, तेव्हा आमचे नाना, वयाने वडील आणि देवळाचा खर्च आजवर मुख्यतः त्यांनीच सोसलेला, घरी आले. म्हणाले, "अरे, दोन देवळे पाहून आलास आणि शहाणा झालास! रामाला गळक्या छपराखाली ठेवायचे का? गळतेश्वर तो शंकर. आपला राम आहे." मी हसलो, पण त्यांचे म्हणणे खरे होते. सागवान महाग. महिरप जोडणारा सुतार शोधावा लागतो. सिमेंटचा ठेकेदार दुसऱ्या दिवशी हजर होतो. तरुण मंडळी पुण्या-मुंबईस, परदेशी. रोज छप्पर पाहणार कोण? खर्च करणाऱ्याला केवळ उपदेश करणे सोपे असते. म्हणून मी नानांना उपदेश केला नाही. आजोबांच्या हातची वही काढून दाखविली. तिच्यात शके १७८० चा मंडपाचा हिशेब उतरवलेला आहे. सुताराला दिलेले धान्य, खिळे, चुना, आणि एक ओळ : सागवान सोनगडच्या बाजूने आणविले.

सोनगड म्हणजे गायकवाडांची पहिली गादी. पिलाजीरावांनी तेथूनच बडोद्याकडे पाऊल टाकले. ज्या रानातले लाकूड सुरतेच्या हवेल्यांना आणि देवळांना लागले, त्याच रानातले लाकूड आमच्या रामाच्या डोक्यावर आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले, आणि तेही मंडप पाडण्याच्या कागदावर सही केल्यावर! नाना ती ओळ बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे मला कोणी आजवर दाखवले नव्हते." यात दोष कोणाचा? माझाच. वही माझ्या कपाटात होती.

बडोदेकरांना हे सर्व परके वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात मोढेराचे सूर्यमंदिर होते, पाटण होते. संस्थानने स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले होते. ज्या पाटणची राणीची वाव २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, ते पाटण आपल्या संस्थानचे. आणि शहरातच तांबेकरांचा वाडा आहे, लाकडी बांधणीचा, आतल्या भिंती चित्रांनी भरलेला. तोही संरक्षित आहे. बाहेरगावचे अभ्यासक तो पाहायला येतात. आपल्यापैकी कितीजण आपल्या नातवंडांना घेऊन तेथे गेले आहेत, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. आपण अजिंठा पाहतो, हंपी पाहतो, आणि आपल्याच वाड्याचा कडीपाट कोणत्या सालचा हे आपल्याला ठाऊक नसते.

आमच्या देवळाचे काय ठरले, हे वाचकांनी विचारणे साहजिक आहे. अजून सर्व ठरलेले नाही. छपरावर तूर्त ताडपत्री टाकली आहे. राम कोरडा आहे. पावसाळा सरला की एक जाणता सुतार येऊन प्रत्येक खांब ठोकून पाहणार आहे. जो पोकळ निघेल तो बदलू, जो भरीव असेल तो राहील, एवढे नानांनी मान्य केले आहे. ठेकेदाराचा कागद त्यांच्याचजवळ आहे; तो त्यांनी फाडलेला नाही, आणि मीही फाडा म्हटलेले नाही. जास्तीच्या खर्चातला माझा वाटा मी कबूल केला आहे. आत्याबाईंनी आपल्या पाटलीचा विषय काढला होता. तो आम्ही दोघांनी मिळून बंद केला.

तुमच्या वाड्यात असे देऊळ असेल, तर एवढेच करा : कागदावर सही करण्यापूर्वी कपाटातली वही काढून पाहा.